सिस्टरबाईंचं अंजीर

सिस्टरबाईंच्या घरी गेलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या मिळायचा, पण त्याआधी चपला उलट्या करून दाखवाव्या लागायच्या. बाई ओट्यावर बसलेल्या असत, हातात दवाखान्यातून आणलेला एक बोथट चिमटा. "कुठून येऊन राहिले?" असं विचारून त्या तळव्याला चिकटलेली माती खरवडायच्या, औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकायच्या आणि बाटलीवर चिठ्ठी डकवायच्या. 'बडनेरा रोड.' 'कचेरीमागे.' 'वकीलसाहेब, डावा जोडा.' मग पाणी.

नवख्या पाहुण्याला वाटायचं, ही वऱ्हाडी पाहुणचाराचीच रीत असावी. मी नुकताच पुण्याहून अमरावतीच्या एका हायस्कुलात सायन्स शिकवायला आलो होतो. पाहुण्याला पाणी न देण्याच्या पद्धती मला पुष्कळ ठाऊक होत्या. देण्याची ही एक नवीन, एवढंच मनाशी म्हटलं.

ते दिवस सीपी अँड बेरारचे, म्हणजे इंग्रजी अमलातल्या मध्यप्रांत-वऱ्हाडचे. वऱ्हाडचा मालक कागदोपत्री हैदराबादेत, कारभार नागपुरात आणि साहेब विलायतेत. राजापेठेतल्या आमच्या गल्लीवर मात्र यांपैकी कोणाचीच सत्ता नव्हती. ती सिस्टरबाईंची होती. बाई मूळच्या शेंदूरजनाघाटच्या, माळ्याच्या घरातल्या. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला, तेव्हा हट्टानं नर्सिंग शिकल्या आणि तीस वर्षं बायकांच्या दवाखान्यात राबून निवृत्त झाल्या. गल्लीतली अर्धी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली, आणि ही गोष्ट त्या कोणाला विसरू देत नसत. शेजारचे तरुण वकील एकदा त्यांच्याशी आवाज चढवून बोलायला लागले, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "जास्त बोलू नका, वकील. तुमी पायाळू जन्मले होते. तवापासून उलटेच हाये." वकीलसाहेब कोर्टात कधी हरले असतील-नसतील, इथे मात्र कायमचे हरले.

त्या स्वतःबद्दल 'मी करतो, मी जातो' असं बोलत. माझ्या पुणेरी व्याकरणाला पहिले आठ दिवस ते फार बोचलं. नंतर लक्षात आलं, की 'करतो' म्हणून खरोखर करणारं माणूस अख्ख्या गल्लीत तेवढं एकच आहे.

त्यांच्या निवृत्तीच्या वेळी दवाखान्यातल्या डॉक्टरमॅडमही विलायतेला परत निघाल्या होत्या. जाताना त्या सिस्टरबाईंना रॉकेलच्या डब्यात लावलेलं अंजिराचं रोप आणि बागकामाचं एक इंग्रजी पुस्तक देऊन गेल्या. रोप अंगणात लागलं. पुस्तक माझ्याकडे आलं.

"तुमी पुन्याचे ना, मास्तर?"

"हो."

"मंग अंजीर तुमच्याकडचंच. सांगा, त्याले काय लागते?"

पुण्यात मी अंजीर फक्त खाल्लं होतं, तेही कोणी दिलं तर. पण 'मला माहीत नाही' हे वाक्य आम्हां पुण्याच्या लोकांना शाळेत शिकवत नाहीत. मी गंभीर चेहऱ्यानं पुस्तक उघडलं. त्यात छापलं होतं, की अंजिराला चुना मानवतो, दरसाल मुळाशी घालावा. मी तसं वाचून दाखवलं. बाईंनी तसा घातला. पुस्तक लिहिणाऱ्याच्या देशात माती आंबट असेल आणि इथल्या काळ्या जमिनीत हातभर खणलं की चुनखडीचेच खडे निघतात, हा फरक निदान सायन्सच्या मास्तरच्या ध्यानात यायला हवा होता. मास्तरला कॉलेजात रसायनाचं पदक मिळालेलं होतं. ध्यानात आलं नाही.

महिन्याभरात पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जणू कोणी पानावर नदीनाल्यांचा नकाशा काढला आहे. गल्लीतल्या बायका दृष्ट लागली म्हणाल्या. सिस्टरबाईंनी त्यांना आपलं ठरलेलं वाक्य ऐकवलं, "पहिले तपासा, मंग बोला," आणि त्या थेट माझ्याकडे आल्या.

"दवाखान्यात आमी लघवीले कागद लावत होतो. आंबट हाये का खारट, लगेच समजे. मातीले काहून लावू नाई? तुमच्या शाळेत कागद असतीनच."

शाळेत लिटमसचे कागद होते, पण फक्त निळे. लाल आदल्या वर्षीच संपले होते आणि ते मागवण्याचा अर्ज हेडमास्तरांच्या टेबलावर लोणच्यासारखा मुरत होता. निळा कागद आंबट मातीत लाल होतो. माती आंबट नसली की तो निळाच राहतो. मग ती मध्यम आहे की चुन्यानं भरलेली, हे लाल कागदाशिवाय कळत नाही. मी निळे कागद दिले आणि ही शेवटची गोष्ट सांगायची टाळली. सांगितली असती, तर शाळेचं कपाट रिकामं आहे हे सांगावं लागलं असतं, आणि माझी अब्रू त्या कपाटाशी जोडलेली होती.

बाईंनी माती पावसाच्या पाण्यात कालवली, कागद बुडवला. कागद निळाच राहिला.

"बदलला नाई. म्हंजे नॉर्मल?"

उत्तर देण्याऐवजी मी व्याख्यान दिलं. हल्ली शास्त्रज्ञांनी मातीचा आंबटपणा मोजायला पीएच नावाचा आकडा काढला आहे. सातच्या खाली आंबट, सातच्या वर अल्कधर्मी, आणि सात म्हणजे ना इकडे ना तिकडे, म्हणजे आमच्या हेडमास्तरांसारखा. अंजिराला सातच्या थोडं अलीकडे आवडतं.

"सात म्हंजे आपला अठ्ठ्याण्णव पॉइंट चार," बाई म्हणाल्या. तीस वर्षं ताप मोजलेल्या बाईला एका वाक्यात कळलं. माझ्या वर्गाला ते वर्षभर कळलं नव्हतं.

मग त्या चपलांमागे लागल्या. दुसऱ्या जागची माती कशी आहे, हे ताडून पाहायला नको? साऱ्या बाटल्या तपासून झाल्या, सगळे कागद निळेच राहिले, आणि अख्खं अमरावती शहर नॉर्मल आहे असा निकाल लागला. असा निकाल त्याआधी कोणी दिला नव्हता, पुढेही कोणी देईलसं वाटत नाही. माती नॉर्मल, तरी पानं पिवळी. म्हणजे पुस्तकातला चुनाच कमी पडत असणार. बाईंनी आणखी दोन घमेली चुना घातला.

झाड झपाट्यानं खालावलं. तसा बाईंनी त्याचा तक्ता लिहायला घेतला. दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी टांगतात तशी पाटी झाडाला लटकली: सकाळ, संध्याकाळ, पाणी किती, पानं किती, पिवळी किती. फाटकावर दुसरी पाटी: 'भेटीची वेळ चार ते सहा'. मला हसू आलं. पण गल्ली खरंच चार वाजता हजर व्हायची. कोणी म्हणायचं गंजके खिळे पुरा, कोणी म्हणायचं ताक घाला. वकीलसाहेबांनी पायाळूपणा विसरून मीठ घालायला सांगितलं आणि तिथल्या तिथे शिव्या खाल्ल्या. बाई प्रत्येकाला "तुले काय समजते?" म्हणायच्या आणि प्रत्येकाला चहा द्यायच्या. माझी बायको सुमती रोज जायची. मीही जायचो. अपराधी माणूस घटनास्थळी घुटमळतो म्हणतात.

एके दिवशी शेंदूरजनाघाटहून बाईंचे धाकटे भाऊ संपतराव आले. संत्र्याच्या बागा राखणारा माणूस. जेवणाचं ताट पुढ्यात असताना त्यांनी बहिणीची सगळी हकिगत ऐकली, उठले, अंगणातून मुठीएवढं ढेकूळ घेऊन आले आणि ताटातली लिंबाची फोड त्यावर पिळली. ढेकूळ सोड्यासारखं फसफसलं.

"पाह्य बाई. हे ढेकूळ नाई, चुन्याची भट्टी हाये. इथं आधीच चुनखडी, अन् तू वरून चुना घालून राहिली? पानाले लोखंड भेटत नाई अशा मातीत. पिवळं नाई पडीन तं काय होईन?"

"पन कागद तं नॉर्मल म्हने." बाई माझ्याकडे वळल्या. "काहून जी, मास्तर?"

मग मी सांगितलं. लाल कागद नव्हते, निळ्यानं अर्धंच कळतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला वाटलं, आता माझा जन्म कसा झाला असेल यावर काहीतरी ऐकायला मिळणार. बाईंनी संपतरावांना भात वाढला, तूप वाढलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तीस वर्सात मी एकाही पेशंटले अर्ध्या तपासनीवर दवा देल्ली नाई."

रसायनाचं पदक मी त्या दिवशी ट्रंकेच्या तळाशी टाकलं.

शिक्षाही झाली. थंडीत झाडाची पानं झडल्यावर संपतरावांच्या देखरेखीखाली मी कमरेइतका खोल खड्डा खणला. जुनी माती मी टोपल्यांनी बाहेर वाहिली. सेमाडोहच्या एका जंगलरक्षकाच्या बायकोचं अडलेलं बाळंतपण बाईंनी कधीकाळी केलं होतं. त्यानं बैलगाडीभर कुजलेला पाला पाठवला. पाला, जुनं शेणखत, तांबडी माती आणि मुठीनं गंधक असं भरून झाड परत बसवलं. "गंधक एका दिवसात काम करत नाई," संपतराव जाताना म्हणाले. "धीर धरजा. अन् हिरीचं पानी कमी दे, त्यातबी चुना हाये." बाईंनी घरातली सगळी भांडी पावसाच्या पाण्यासाठी राखून ठेवली. त्या पावसाळ्यात त्या एका पातेल्यात वरण आणि भात दोन्ही करत होत्या. लाल कागद मी स्वतः नागपूरहून आणले. पहिल्या खेपेला ते गडद निळे झाले, पुढे फिके, पुढे जेमतेम. तक्त्यावर 'पिवळी किती' या रकान्यात शून्य यायला दोन पावसाळे लागले.

आणि तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर झाड फळलं. एकोणीस अंजिरं. पाखरांनी टोचू नयेत म्हणून बाईंनी प्रत्येकाला गॉजची पट्टी बांधली, त्यामुळे झाड एखाद्या मोठ्या मारामारीतून आल्यासारखं दिसे. पिकल्यावर पट्ट्या सुटल्या. गल्ली जमली, प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं आलं. वकीलसाहेब म्हणाले, "वा, सिस्टर, वा!" सगळे वा-वा म्हणाले, तोंडं पुसली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता कोणी आलं नाही. येण्याचं कारणच नव्हतं. हिरवंगार झाड बघायला कोण येतो? तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. माझ्या तपासायच्या वह्या साठल्या होत्या, मीही गेलो नाही. बाई चार वाजता कोरं पातळ नेसून ओट्यावर बसलेल्या मला खिडकीतून दिसायच्या. सहाला उठून आत जायच्या. मी सुमतीला म्हटलं देखील, "आता पेशंट बरा, तर नर्सलाही विश्रांती." मला ते वाक्य चांगलं जमलं असं वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी सकाळी मी मागच्या अंगणात दात घासत होतो. दोन्ही घरांच्या मधली भिंत कमरेइतकीच. पलीकडे सिस्टरबाई अंजिराशी वाकून उभ्या होत्या. हातात घमेलं. घमेल्यात भिजवलेला चुना.

"सिस्टर! हे काय करताय?"

त्या दचकल्या. घमेलं पदराआड करायला गेल्या, पण घमेलं पदराआड मावत नाही.

"काई नाई. थोडासाच टाकतो, मास्तर. दोन-चार पानं पिवळी झाली तरी पुरे."

"अहो, पण कशाला?"

त्यांनी झाडाकडे पाहिलं. एक पान उगाच अंगठ्यानं पुसलं.

"मंग लोकं इचाराले येतात," त्या म्हणाल्या.

माझ्यापाशी प्रत्येक प्रसंगाला एक टोमणा तयार असतो. या वेळी मी राखुंडी थुंकून चूळ भरली.

सुमती मागच्या दारात कधी आली होती ते मला कळलं नाही. ती सरळ फाटकानं फिरून पलीकडे गेली आणि बाईंच्या हातातून घमेलं काढून घेतलं.

"बरं झालं, सिस्टर, भिजवलेलाच चुना मिळाला. आमची मागची भिंत कधीची रंगवायची आहे. यांना एकट्यांना काही जमत नाही. तुम्ही जरा उभ्या राहाल का?"

ती भिंत आम्ही दिवाळीत रंगवली होती. पाठ टेकली तर अजून सदरा पांढरा व्हायचा. सिस्टरबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग सुमतीकडे, मग बराच वेळ परत भिंतीकडे.

"कुंचा कुठी हाये?" त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत मी एक पांढरी भिंत पांढरी केली. "असा धरतात का कुंचा? पुन्याले हेच शिकवते का?" "हात काहून थरथरून राहिला? बाळंतपन करून नाई राहिले तुमी!" एक हात झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. बाई खुर्चीवर बसून सांगत होत्या, सुमती हसत होती. जेवायला बाई आमच्याकडेच थांबल्या. सुमतीच्या वरणात मीठ कमी होतं, तेही त्यांनी सांगितलं.

निघताना फाटकाशी थांबून त्यांनी आमच्या घराकडे एकवार नजर टाकली.

"उद्या बाजूची भिंत पाह्यतो मी," त्या म्हणाल्या. "तिची हालत काई बरी दिसत नाई."

"याच, सिस्टर," सुमती म्हणाली. "चारला या, चहा टाकून ठेवते."

मी कुंचा धुऊन परत पाण्यात भिजत घातला.