कपाटगड सर जाहल्याची हकीकत

वर्तमान ऐसे जे, एकखोली बालवाडीच्या गादीवर अखंड-नाकपुसणी-तत्पर ताईसाहेब विराजमान असतां हुजूर पर्यवेक्षकबाईंचे फर्मान दाखल जाहले की, शुक्रवारी जातीने मुआयना होईल आणि वीस मुले हजर न दिसल्यास बालवाडी बरखास्त समजावी. फर्मान वाचून ताईसाहेब परम चिंतेत पडल्या, कां की हजेरी नऊ. बाकी फौज फितूर होऊन कोपऱ्यावरील बांधकामाच्या वाळूच्या ढिगास सामील जाहली होती. फौजेस बोल लावू नये. खोलीत फळा, सतरंजी आणि हाताची घडी. वाळूत बोगदे होते.

खेळणी नव्हती ऐसे नाही. लोखंडी कपाट गच्च भरले होते, परंतु त्याच्या किल्लेदार मदतनीस मावशी. सहा वर्षांमागे एका लाकडी गाडीचे चाक निखळले आणि त्याचा लेखी खुलासा मावशींस तीन वेळा लिहावा लागला, तेव्हापासून किल्ली त्यांच्या कमरेच्या बटव्यात कैद जाहली. मग खेळणी नवीकोरी राहिली आणि मुले गेली.

मग ताईसाहेबांनी शिष्टाई आरंभिली आणि चहा पाजिला आणि दोन दिवस अबोला धरून पाहिला, परंतु मावशी ढिम्म. अखेर गुरुवारी ताईसाहेब बोलिल्या, "मावशी, मुलंच नसतील तर कपाट कुणासाठी राखायचं?"

"आणि मोडलं तर खुलासा कोण लिहिणार?"

"मी लिहीन."

मावशींनी बटवा सोडिला. "घ्या. पण त्या चाकाकडे लक्ष ठेवा हो."

शुक्रवारी प्रातःकाळी कुलूप निघाले आणि ठोकळ्यांचा खडखडाट वाळूपर्यंत पोचला आणि फितूर फौज चपला तिथेच टाकून माघारी आली. एकूण तेवीस असामी. पर्यवेक्षकबाई उंबरठा ओलांडतात तो तीन वर्षांच्या एका रणरागिणीने गाडी भिंतीवर आदळिली, आणि निखळलेले चाक नेऊन थेट बाईंच्या हाती दिले. म्हणाली, "लाव."

बाईंनी मुले मोजिली आणि चाक न्याहाळिले आणि खुलाशाचा हुकूम फर्माविला. ताईसाहेब पेन उचलतात तो मावशींनी ते काढून घेतले आणि स्वहस्ते लिहिले: चाक एक मोडले. कारण, मुले खेळली.

बाईंनी ते दोनदा वाचिले आणि सही केली. येणेप्रमाणे कपाटगड सर जाहला आणि बालवाडी कायम राहिली, हे दप्तरी रुजू असावे. किल्ली हल्ली कोठे आहे, हे मावशींसही ठाऊक नाही.