ऐकायची नेमकी जागा

त्या पत्राला उत्तर द्यायचं मामांच्या मनात होतं. रोजच होतं. सकाळी दाढी करताना ते उत्तराचं पहिलं वाक्य जुळवत, आंघोळ होईपर्यंत ते मनातल्या मनात खोडत, आणि दुपारी कोरा कागद समोर घेतला की मायना काय लिहावा इथेच अडकून बसत. सगळी नोकरी छापखान्यात दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात गेली होती. स्वतःचा मजकूर समोर आला की त्यांना त्यात चुकांखेरीज काही दिसतच नसे.

पत्र एका वाचकाचं होतं. निवृत्त झाल्यापासून मामा एका लहानशा मासिकाच्या शेवटच्या पानावर संगीत ऐकण्याविषयी काहीबाही लिहीत. ते कुणी वाचतं की नाही, याची त्यांना शंका होती. इतक्या वर्षांत आलेलं हे पहिलंच पत्र. ‘आपल्या खोलीत संध्याकाळी सूर भिंतीला टेकून उभे राहतात, हे आपलं वाक्य वाचल्यापासून मला चैन नाही,’ असं त्या गृहस्थांनी लिहिलं होतं. ‘तासभर त्या खोलीत बसून ऐकावं अशी फार इच्छा आहे. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच वाजता येईन. अडचण असल्यास कळवावं. उत्तर आलं नाही, तर आपली संमती आहे असं समजेन.’

मामांनी हे पत्र मामींना दाखवलं ते शनिवारी संध्याकाळी.

“म्हणजे उद्या?” मामींनी विचारलं.

“उद्याच.”

“आणि तुम्ही नाही म्हणून कळवलं नाहीत.”

“कळवणार होतो. मायना ठरत नव्हता.”

“धन्य आहे! मायना ठरेना म्हणून पाहुणा दारात. येऊ दे मग. चहा देऊ, दोन गोष्टी बोला, जातील.”

“चहाला नाही गं येत ते,” मामांचा आवाज खोल गेला. “ते सूर बघायला येतायत. भिंतीला टेकलेले.”

दोघांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीला इस्त्रीचं टेबल टेकलेलं होतं.

मामांकडे होता तो एक रेडिओ. एकच स्पीकर, मागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं, आणि आवाज मोठा केला की थरथरत पुढे सरकून टेबलाच्या कडेला येणारा. मामांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. डोळे मिटून त्या रेडिओला कान लावला की सूर खरोखरच टेकून उभे राहत. पण कान लावावा लागे, आणि दोघांनी एकदम कान लावावेत एवढी त्या रेडिओची रुंदी नव्हती.

“रेडिओ बघितला की त्यांना वाटेल, हा माणूस थापा मारतो,” मामा म्हणाले. “एकुलता एक वाचक माझा. तो गेला की कुणासाठी लिहायचं? बंदच करतो. संपादकांना कळवून टाकतो.”

“कळवताय! आणि मग दिवसभर माझ्यामागे स्वयंपाकघरात घुटमळणार,” असं म्हणून मामींनी सरळ भाचीला फोन लावला.

भाची टीव्ही आणि होम थिएटरच्या दुकानात कामाला होती. रविवारी दुपारी ती टेम्पोतून मोठमोठी खोकी घेऊन आली आणि तिनं आल्या आल्या दम भरला. “मामा, हा दुकानात गिऱ्हाइकांना दाखवायचा सेट आहे. रात्रीच्या आत जागेवर गेला पाहिजे. ओरखडा उठला, पाणी लागलं, तर माझी नोकरी गेली समजा.”

“किती गं हे स्पीकर?”

“पाच. आणि हा मोठा डबा सहावा. याचा आवाज जमिनीतून येतो.”

“जमिनीखाली बँकेतले मॅनेजर राहतात,” मामी म्हणाल्या. “त्यांना विचारलंस का?”

भाचीनं तारा जोडल्या आणि शेवटी एका काठीवर बसवलेला लहानसा माइक आणून मामांच्या आरामखुर्चीत उभा केला. “ऐकणाऱ्याचं डोकं जिथे येणार, तिथे हा ठेवायचा. यंत्र एकेका स्पीकरमधून आवाज सोडतं, माइकनं तो ऐकतं, आणि त्या जागी सगळ्यात सुंदर ऐकू येईल असं स्वतःला जुळवून घेतं.”

“त्या एकाच जागी?”

“त्याच जागी. शेजारी बसणाऱ्याला जरा कमी.”

मामा खुर्चीकडे बघत राहिले. सौंदर्य सुरात असतं की ऐकणाऱ्याच्या कानात, यावर त्यांनी शेवटचं पान कितीदा तरी भरलं होतं. ते खुर्चीत असेल, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात दुकानातून भाचीला बोलावणं आलं. “मी यंत्र सुरू करून ठेवलंय. आता त्यातली बाई बोलेल, ती सांगेल तसं करा. मोजणी झाली की व्हायोलिन लावा, तासाभराचं आहे. आणि मामी, माइकला हात लावू नका!”

“मी कशाला लावतेय?”

भाची गेली आणि बाई बोलू लागल्या. “पडदे ओढा. फोन बंद करा. शांतता राखा.”

मामांनी पडदे ओढले, फोन बंद करून कपाटात ठेवला. एका कोपऱ्यातून पंप मारल्यासारखा आवाज निघाला आणि बाई म्हणाल्या, “खोलीत आवाज आहे. पुन्हा प्रयत्न करा.”

“फ्रिज,” मामा कुजबुजले, आणि त्यांनी फ्रिज बंद केला.

“खोलीत आवाज आहे.”

“घड्याळ असेल,” मामी म्हणाल्या. मामांनी स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. तेवढ्यात दारावरची बेल खणाणली. समोरच्या शिकवणीवाल्या बाई होत्या. “काही फुटलं का हो तुमच्याकडे?” त्यांना वाटेला लावून मामांनी बेलचंही बटण बंद केलं.

“खोलीत आवाज आहे.”

दोघं अंग आखडून उभे राहिले. “तुमचं नाक वाजतंय,” मामी म्हणाल्या.

“श्वास घेतोय मी.”

“मग इथे घेऊ नका.”

मामा श्वास घ्यायला स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

एकट्या राहिल्यावर मामींचं लक्ष आरामखुर्चीकडे गेलं. खोळ उसवलेली होती, आणि पाहुणा नेमका तिथेच बसणार. यंत्रातल्या बाई तूर्त गप्प होत्या. मामींनी माइकची काठी उचलून बाहेरच्या दाराला टेकवून ठेवली, जुनी खोळ काढली, नवी चढवायला घेतली. ती अर्धी चढते न चढते तोच बाई म्हणाल्या, “मोजणी सुरू होत आहे. कृपया हलू नका.”

मामी हलल्या नाहीत. एक पाय खुर्चीवर, दातांत खोळीची नाडी, अशा अवस्थेत त्या उभ्या राहिल्या, आणि पाचही स्पीकर त्यांच्या डोक्यावरून आळीपाळीनं किंचाळले. मोठ्या डब्यानं जमीन हलवली. अखेर बाई प्रसन्न स्वरात म्हणाल्या, “अभिनंदन. आपली ऐकण्याची जागा सज्ज आहे.”

मामींनी खोळ पुरी चढवली आणि माइक होता तसा खुर्चीत नेऊन ठेवला. एखादी वस्तू उचलून जागच्या जागी ठेवली, तर तिला हात लावला असं त्या कधी मानत नसत.

मामा बाहेर आले, माइक बाजूला करून खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि त्यांनी व्हायोलिन लावलं.

ते व्हायोलिन विहिरीत पडल्यासारखं वाजत होतं. वाजवणारा काठावर उभा राहून आत वाकून बघत असावा, असं वाटत होतं. डावीकडून नुसती खरखर, उजवीकडून मच्छर, आणि मोठा डबा मधूनच कण्हल्यासारखा हुंकार देई. मामांच्या कपाळाला घाम फुटला. त्यांनी रिमोटची बटणं दाबून पाहिली.

“आपण ऐकण्याच्या जागी बसला आहात का?” बाईंनी विचारलं.

“बसलोय हो!”

“कृपया ऐकण्याच्या जागी बसा.”

“अहो, बसलोय, बसलोय!” मामा आयुष्यात पहिल्यांदा परक्या बाईंवर ओरडले. “बंद कर गं ते! मला हे ऐकवत नाही!”

“कसं बंद करू? मला तरी कुठे येतंय? पुन्हा पहिल्यापासून लावून बघा. वेळ आहे अजून.”

घड्याळात पावणेचार झाले होते. मामांनी व्हायोलिन पुन्हा पहिल्यापासून लावलं. खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली. मान तिरकी करून पाहिली. मामींना खुर्चीत बसवून ते स्वतः जमिनीवर बसले. व्हायोलिन विहिरीतून वर यायला तयार नव्हतं. घड्याळात पावणेचारच होते. संकटात वेळ थांबतो असं मामांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि तसा तो थांबलेला बघून त्यांना जरा धीरच आला. त्यांनी तिसऱ्यांदा लावलं.

“अहो, माझे पाय ओले का झाले?” मामी एकदम म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या दाराखालून पाण्याचा ओघळ येत होता आणि सरळ मोठ्या डब्याकडे निघाला होता. मामींनी काढलेली जुनी खोळ त्याच्यापुढे टाकली, मामांनी डबा मिठी मारून बाजूला ओढला.

“फ्रिजमधला बर्फ वितळला,” मामी धापा टाकत म्हणाल्या. “पण एवढा? एवढ्या वेळात?”

दोघांनी घड्याळाकडे पाहिलं. मामांचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला. सेल खिशात होता.

त्यांनी पडदा बाजूला केला. रस्त्यावरचे दिवे लागले होते.

मामा धावले आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. पाहुणा आला असेल, बेल वाजत नाही म्हणून परत गेला असेल. रेडिओची अब्रू वाचली, असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण सुटल्यासारखं काही वाटेना. एकुलता एक वाचक दाराशी येऊन गेला होता.

समोरचं दार उघडलं. “गेले ते,” शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या. “आत्ताच गेले. चारच्या सुमारासच आले होते, तेव्हापासून तुमच्या या पायपुसण्यावर बसून होते.”

“पायपुसण्यावर?”

“मी म्हटलं, बेल वाजवा. म्हणाले, वाजत नाही, त्यांनी मुद्दाम बंद केली असणार. म्हटलं, मग दार ठोका. तर मलाच ‘शू!’ केलं. माझ्या जिन्यात मला!” बाईंनी आवाज खाली आणला. “म्हणाले, इथे येऊन ऐका. मी आपली गंमत म्हणून पायरीवर टेकले. मामा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण खरं सांगते, कुणीतरी माझ्या खांद्याशी उभं राहून वाजवतंय असं वाटत होतं. बोट तारेवरून सरकलेलंसुद्धा ऐकू येत होतं. दूध उतू गेलं माझं.”

मामांनी वळून मामींकडे पाहिलं. मामी छताकडे बघत होत्या.

“आणि तुम्ही आतून ‘मला हे ऐकवत नाही’ म्हणालात ना,” बाई पुढे म्हणाल्या, “तेव्हा त्या गृहस्थांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणाले, बघा, इतकी वर्षं ऐकतायत, तरी यांना सोसवत नाही.”

“पण आत का नाही आले?”

“विचारलं मी. म्हणाले, धीर होत नाही. एवढ्या जाणत्या माणसासमोर बोलायचं काय? पुढच्या रविवारी येईन म्हणाले, इथेच बसेन. चालणार नसेल तर तेवढं कळवायला सांगा म्हणाले.”

भाची आली ती आधी प्रत्येक स्पीकर चारही बाजूंनी तपासत बसली. मग सगळी हकिकत ऐकून तिनं विचारलं, “माइक कुणी हलवला?”

“हलवला नाही,” मामी म्हणाल्या. “उचलला होता.”

“मामी!”

“ओरडतेस काय? बाहेरच्या माणसाला चांगलं ऐकू गेलं ना? मग पुढच्या रविवारी पुन्हा आण सेट. माइक दाराशीच ठेवू. ते बाहेर बसतील, हे आत. त्यांना यांची भीती, यांना त्यांची. कुणालाच तोंड दाखवायला नको.”

“आणता येईल,” भाची म्हणाली. “बोला मामा, आणू का?”

इतकी सोयीची व्यवस्था मामांना कुणी कधी देऊ केली नव्हती. गृहस्थ दर रविवारी येतील, समाधानानं जातील, मासिक घेत राहतील, आणि रेडिओ कपाटात राहील. मग त्यांच्या डोळ्यांपुढे ते पायपुसणं आलं. ते केव्हाचं धुवायला झालं होतं, आणि त्याच्यावर एक माणूस डोळे पुसत बसला होता.

“नको,” ते म्हणाले. टेबलाशी जाऊन त्यांनी कागद ओढला आणि उभ्या उभ्याच लिहिलं. मामींनी चष्मा लावून खांद्यावरून वाचलं.

‘आज आपण ऐकलंत तो सेट दुकानाचा होता. तो परत गेला. माझ्याकडे एक रेडिओ आहे, त्याला कान लावावा लागतो. भिंतीला इस्त्रीचं टेबल आहे. रविवारी जरूर यावं, पण आत यावं. आत तेवढं चांगलं ऐकू येत नाही.’

“पुन्हा एकदा वाचून नाही बघत?” मामींनी विचारलं.

“वाचलं तर जाणार नाही,” मामा म्हणाले, आणि पाकीट चिकटवून, चपला सरकवून बाहेर पडले.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट पडल्याचा आवाज झाला. मामा तिथेच उभे राहिले. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी पेटीच्या फटीत हात घालून बघितला. मनगटाच्या पुढे जात नव्हता.