पिवळीचं गिऱ्हाईक

गिऱ्हाईक दहा मिनिटांत पळवून लावायचं, हे तिनं सकाळी दात घासतानाच ठरवलं होतं. पिवळी विकायची नाही म्हणजे नाही.

पिवळी म्हणजे दोन दारांची, बेडकासारख्या डोळ्यांची छोटी गाडी. शाळेत असताना दातांच्या दवाखान्याबाहेर तशीच एक उभी असायची. ती जवळून बघायला मिळावी म्हणून तिनं एक धडधाकट दात दुखतोय असं सांगितलं होतं आणि डॉक्टरांनी तो उपटलाही होता. जिच्यापायी दात गेला तसलीच गाडी नोकरी लागल्यावर तिनं घेतली, जुनी का होईना. आता बाळ सात महिन्यांचं झालं आणि नवऱ्याचं म्हणणं पडलं की मागच्या सीटवर बाळ ठेवायचं तर आधी आपल्या कमरेची घडी घालावी लागेल, तेव्हा चार दारांची बघू. त्याचं बरोबर होतं. राग त्याचाच येत होता.

तिचं हत्यार होतं बाळ. दारावरची बेल, मिक्सर, बाबांची शिंक, कशानंही ते असं भोकाड पसरायचं की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. त्याच्या जन्मापासून पिवळी झाकूनच ठेवलेली. आज त्याला मागे बसवायचं, इंजिनाचा खडखडाट सुरू करायचा. पुढचं बाळ बघून घेईल.

गिऱ्हाईक म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. साऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या या गृहस्थांचे स्वतःचे डोळे मात्र तळून काढलेल्या भज्यांसारखे सुजलेले. नवरा गाडीचे गुण सांगू लागला तेवढ्यात तिनं किल्ली उचलली.

"मीच फिरवून आणते. बाळ पण येईल. जरा रडतं, एवढंच."

पिवळी निघाली. डब्यात खिळे भरून कुणी हलवावेत तसा आवाज. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तरी मागे चिडीचूप. आरशात बघते तर बाळाची मान कलंडलेली, तोंड उघडं, हनुवटीवर लाळेची तार. एरवी या दृश्यासाठी तिनं काय वाटेल ते दिलं असतं.

चष्मेवाले मागे वळून बघतच राहिले. हा आवाज कसला, त्यांनी कुजबुजत विचारलं. तिला हुरूप आला. हा कधीच दुरुस्त व्हायचा नाही, तिनं ठासून सांगितलं.

"करायचाच नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे पाच महिन्यांचं आहे."

मग त्यांच्या दाराशी गाडी थांबवणं आलं. त्यांची बायको तान्ह्याला घेऊन कशीबशी मागे शिरली. दोन वळणांत तान्हं झोपलं आणि तिसऱ्याला त्याची आई घोरू लागली. चष्मेवाल्यांनी गहिवरून स्वतःचा चष्मा पुसला. गाडी पक्की, म्हणाले, आता जरा मला चालवू द्या.

संपलं सगळं. तिनं गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला आणि जागा बदलली.

चष्मेवाल्यांनी गाडी जेमतेम हलवली, तोच मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "अहो, गिअर बदला." डोळे मिटलेलेच होते. मग एक उघडला. "सायकल दिसतेय ना? अहो, एवढं काय कडेला घेताय?"

मग दुसरा उघडला. पाठोपाठ तान्हं उठलं, त्याच्या सुरात तिचं बाळ उठलं, आणि इंजिनाचा खडखडाट ऐकू येईनासा झाला.

चष्मेवाल्यांनी मुकाट जागा परत दिली. तिनं दोन चकरा मारल्या तेव्हा कुठे तिघंही पुन्हा गाढ झोपली. चष्मेवाल्यांनी मागच्या तिघांकडे वळून पाहिलं.

"वहिनी, ही गाडी आम्हाला नको. तुमच्याकडेच बरी आहे."

तिला रस्त्यातच नाचावंसं वाटलं.

"फक्त एक सांगा," ते अगदी हळू म्हणाले, "संध्याकाळी साधारण किती वाजता बाहेर पडता तुम्ही?"

आनंदाच्या भरात तिनं 'सहाला' असं सांगून टाकलं. तेव्हापासून रोज सहाला चष्मेवाल्यांची बायको एका काखेत तान्हं आणि दुसऱ्या काखेत उशी घेऊन फाटकात उभी असते.