‘फक्त दोघं’ आणि तिसऱ्याचा खोका

एक गोष्ट आधीच ठणकावून सांगते. माझा खोका उत्तम होता! ज्याला शंका असेल त्याने दात येणारं पोर मांडीवर घेऊन मखमली पट्टीला टीप मारून दाखवावी आणि मग तोंड उघडावं.

आमची कंपनी भेटवस्तूंचे खोके बनवते. बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तर माझ्या खुर्चीत एक नवी मुलगी बसलेली. ऑफिसात तिला सगळे झगमग म्हणतात, कारण साध्या कागदी पिशवीलासुद्धा चमकी लावल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नाही. आणि मला बसवलं तक्रारींच्या फोनवर! ‘रिबीन उसवली’, ‘कप फुटका आला’, ‘तुमची साबणवडी आमच्या कुत्र्याने खाल्ली, आता काय करू?’ घरी पोर रडतंय, ऑफिसात गिऱ्हाईक रडतंय. मी म्हणजे दोघांसाठी ठेवलेला सार्वजनिक खुळखुळा!

अशात साहेबांनी नवी योजना काढली. जोडप्यांसाठी दर महिन्याला एक खोका घरपोच. नवरा-बायकोने महिन्यातली एक संध्याकाळ बाहेर न जाता घरीच, एकमेकांसोबत घालवायची आणि त्या संध्याकाळचं सगळं सामान खोक्यात. नाव ‘फक्त दोघं’. वर्षाची वर्गणी भरली की झालं, प्रेम दारात हजर!

मी ताडकन हात वर केला. “मी करते!”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही? घरी बाळ लहान आहे ना तुमचं?”

“म्हणूनच! जोडप्यांना काय हवं असतं ते लहान बाळाच्या आईइतकं कुणाला कळणार?”

“काय हवं असतं?”

“एकमेकांशी निवांत गप्पा, साहेब!”

(खरं उत्तर ‘झोप’ हे होतं. पण झोप खोक्यात मावत नाही.)

साहेबांच्या बायको, म्हणजे मॅडम, कंपनीत अर्ध्या मालकीण. त्यांनी तिथल्या तिथे फर्मान सोडलं, “नमुना तयार करा. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं घरी वापरून बघू. पसंत पडला तर योजना तुमच्याकडे. नाही तर झगमगकडे.”

आणि मी? मी परत कुत्रा आणि साबणवडीकडे. तेव्हा जीव तोडून कामाला लागले.

आता मुळात मी काळजीवाहू बाई. मेणबत्ती घातली, तर तिला कलंडणार नाही असं रुंद बूड शोधलं. ग्लास घेतले ते आपटून बघितले. डोळ्यांवर बांधायला मखमली पट्टी शिवली, तीही आधी माझ्या डोळ्यांवर तासभर बांधून पाहिली. पुरळ उठत नाही, खात्री केली. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एकेक चिठ्ठी. ‘जोडीदाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधा, घास भरवा, ओळखायला लावा.’ ‘दिवे मालवा आणि नाचा.’ शिवाय प्रश्नांची रंगीत पत्त्यांची जोडी, म्हणजे खेळता खेळता मनं मोकळी! मी आणि माझा नवरा शेवटचे असे निवांत शेजारी कधी बसलो होतो? लसीकरणाच्या रांगेत. पण ते असो. डॉक्टर काय स्वतः आजारी पडून औषध शोधतो?

आणि आता त्या दुसऱ्या खोक्याबद्दल. आमच्या पाळणाघराचा नियम असा, की प्रत्येक मुलाचं सामान दर महिन्याला नव्याने भरून, झाकणाच्या खोक्यात घालून द्यायचं. आमच्या नमुन्याचे खोके दणकट. कोपरे मऊ. (आमच्या चिरंजीवांनी स्वतः चावून प्रमाणित केलेले!) म्हणून त्यातलाच एक मी घरी आणला आणि त्यात लाळेरं, लंगोट, रबरी चमचा, केळी, खुळखुळा असं भरलं. तिथेही प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. पाळणाघराच्या काकूंवर माझा पूर्ण विश्वास आहे, पण लिहून दिलं की तो जरा टिकतो.

एका झाकणावर लिहिलं ‘बाळाचा’, दुसऱ्यावर ‘दोघांचा’. चूक व्हायला जागाच नाही!

शनिवारी सकाळी निघायच्या आधी मी दोन्ही खोके एकदा उघडून तपासले. मग दाराशी चप्पल घालता घालता वाटलं, मेणबत्ती टाकली ना? चमचा टाकला ना? म्हणून परत उघडले. परत लावले. नवरा बाळ आणि ‘बाळाचा’ घेऊन पाळणाघराकडे गेला, मी ‘दोघांचा’ घेऊन ऑफिसात. शनिवारी आमचा अर्धा दिवस. सुटताना खोका मॅडमच्या हातात दिला.

“फोन बंद ठेवायचे,” मी बजावलं. “आणि चिठ्ठीवर जे असेल ते शंका न काढता, मनापासून करायचं.”

“आणि काही विचित्र वाटलं तर?” मॅडमनी विचारलं.

मी हसले. केवढा तो आत्मविश्वास! “मॅडम, विचित्र वाटलं तर समजायचं, आपल्या नात्याला नेमकी त्याचीच गरज होती.”

झगमग कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. तिच्याकडे मी अशी नजर टाकली, की तिची चमकी गळून पडावी.

बाजारहाट उरकून संध्याकाळी तशीच तरंगत पाळणाघराशी आले. दारात काकू उभ्या. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात नक्षीचा ग्लास. मागे पोरांना न्यायला आलेल्या चार आया, तोंडाला पदर नि ओढण्या लावून फिस्सफिस्स करतायत.

“ताई, हे तुमच्याच पोराचं सामान ना?” काकू म्हणाल्या. “मला गुडघेदुखी. आणि चिठ्ठी म्हणते दिवे मालवून नाचा. नाचू कुणाबरोबर? रांगणाऱ्यांबरोबर की पालथं पडणाऱ्यांबरोबर?”

“काकू, अहो...”

“आणि हे बघा, ‘तुला माझ्यात सगळ्यात आधी काय आवडलं?’ मी विचारलं हो तुमच्या लेकाला. त्याने माझं नाक ओढलं!”

एक आई पुढे सरकून हळूच म्हणाली, “आमच्याही खोक्यात ग्लास द्यायचे असतात का हो? आम्हाला कुणी सांगितलंच नाही.”

तेवढ्यात चिरंजीव रांगत बाहेर आले. गळ्यात माझी मखमली पट्टी, लाळेने चिंब. “लाळेरं नव्हतं, मग काय करू?” काकू म्हणाल्या.

इथे मेणबत्ती, म्हणजे तिथे लंगोट! साहेबांना फोन लावला. बंद. मॅडमना लावला. बंद. कोणी सांगितलं होतं बंद ठेवायला? मीच! मग जो हमखास लागतो तो फोन लावला, आणि नवरा टॅक्सी घेऊन आला.

“तुला एक खोका धड नेता येत नाही?” बसल्या बसल्या मी सुरू केलं.

“झाकण वाचूनच नेला की.”

“झाकण वाचलंस! आत बघायला काय झालं होतं?”

“मागे एकदा आत बघितलं होतं, तेव्हा तू म्हणालीस, लावलेलं उघडू नकोस, क्रम बिघडतो. मग सगळा खोका परत भरलास.” तो शांतपणे म्हणाला. “सकाळी शेवटचं कुणी उघडलं होतं?”

हे बघा, असल्या वेळी असले प्रश्न विचारणाऱ्या माणसाबरोबर संसार करणं सोपं नसतं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

साहेबांचं घर आलं. माझ्या कडेवर पोर, नवऱ्याच्या हातात खरा खोका. संपली नोकरी! गेली योजना! आता आयुष्यभर तक्रारींचा फोन, आणि पहिली तक्रार साहेबांचीच. मी घंटी वाजवली.

मॅडमनी दार अर्धवट उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“श्शू! आत्ताच शांत झालेत.”

आत सोफ्यावर साहेब आडवे. तेच साहेब, जे बैठकीत कागद भिरकावतात! गळ्यात बदकाच्या चित्राचं लाळेरं. मुठीत खुळखुळा. आणि दोन्ही डोळ्यांवर घडी घालून ठेवलेला, कोराकरकरीत लंगोट.

“मॅडम, मी सांगते, काय झालं...”

“तू काही सांगू नकोस!” मॅडमनी माझा हात धरला. त्यांचे डोळे चक्क भरून आले होते. “अगं, लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला कुणी सांगितलं नाही गं! आधी मला हसू आलं. म्हटलं, हे काय, बदक? पण तू बजावलं होतंस, शंका काढायची नाही. चिठ्ठी म्हणाली, ‘आधी भरवा, मग बोला. उपाशीपोटी काहीही सांगितलं तरी आकांत.’ मी केळं कुस्करून भरवलं आणि मग सांगितलं, माझी बहीण महिनाभर राहायला येतेय. हूं की चूं नाही!”

“पण मॅडम...”

“मग फोन चालू करायचा म्हणून हट्टाला पेटले. चिठ्ठी बघितली. ‘हातातलं ओढून घेऊ नये, दुसरं काहीतरी द्यावं.’ खुळखुळा दिला. तेव्हापासून हातातच आहे! ‘चिडला तर कारण विचारू नये, पाठीवरून हात फिरवावा.’ फिरवला. ‘ढेकर आल्याशिवाय आडवं करू नये.’ इतकी वर्षं मला वाटायचं, यांचा स्वभावच तिरसट. स्वभाव कसला? ढेकर अडकलेला!”

नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते.

“आणि डोळ्यांवरच्या त्या उशीची कल्पना तर काय सुंदर! किती मऊ!” मॅडमचं लक्ष नवऱ्याच्या हाताकडे गेलं. “अगं, हा काय? पुढच्या महिन्याचा खोका?”

मी ‘नको’ म्हणेपर्यंत झाकण उघडलं होतं. मॅडमनी वरचाच पत्ता उचलला आणि लाडात येऊन वाचला, “अहो, ऐका ना. ‘आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी कुठल्या रंगाचे कपडे घातले होते?’”

साहेबांनी लंगोट बाजूला केला. कपाळावर घाम. “निळे?”

“निळे?”

“हिरवे... हिरवेच! निळे ते तिचे, काय ती...”

“कोण ती?”

एका मिनिटात, हो, एका मिनिटात त्या घरात असा भडका उडाला की मेणबत्ती लावायची गरजच पडू नये! ‘ती’ कोण, निळं कोणी घातलं होतं, तेव्हा तुमची आई काय म्हणाली होती... माझ्या पत्त्यांची जोडी जमिनीवर. माझं कित्येक आठवड्यांचं काम! आणि त्यात चिरंजीवांना साहेबांच्या मुठीतला खुळखुळा दिसला. आपला खुळखुळा! त्यांनी माझ्या कडेवरूनच झेप घेतली, खुळखुळा धरला आणि टाहो फोडला. साहेबही सोडायला तयार नाहीत. एका टोकाला कंपनीचे मालक, दुसऱ्या टोकाला दोन दात असलेला मनुष्य.

मग सगळं सांगावंच लागलं. दोन खोके, पाळणाघर, झाकणं.

साहेब हळूहळू लाल झाले. त्यांनी गळ्यातल्या बदकाकडे पाहिलं, हातातल्या लंगोटाकडे पाहिलं. “म्हणजे मी... मला... लहान पोराचं...!” आवाज चढायला लागला. मी मनातल्या मनात तक्रारींचा फोन उचललासुद्धा: ‘नमस्कार, आपली काय तक्रार आहे?’

मॅडमनी रबरी चमचा उचलला. “आधी खा.”

साहेबांनी तोंड उघडलं ते ओरडायलाच. पण आत केळं गेलं. मॅडमनी पाठीवरून हात फिरवला. साहेब बसले. मॅडमनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. “योजना तुझी. सोमवारपासून लाग कामाला.”

आता तुम्ही म्हणाल, मग रडतेस कशाला? रडू नको तर काय करू? सोमवारी बैठकीत ठरलं, की खोका जाणार तो पाळणाघराचाच. लंगोटाची झाली ‘नेत्र-उशी’. बदकाला चमकी लावायचं काम झगमगला मिळालं. ती आनंदाने वेडी झाली. मी विचारलं, “आणि माझा तो मूळचा खोका?”

साहेब विचार करून म्हणाले, “तोही विकू. घटस्फोटाच्या वकिलांना.”

त्या संध्याकाळी घरी येऊन मी पर्स भिरकावली आणि नवऱ्याला सुनावायला सुरुवात केली. “मखमल कोणी शिवली? मी! पुरळ कुणाच्या डोळ्यांवर तपासलं? माझ्या! आणि कौतुक कशाचं? केळ्याचं!”

“आधी खाऊन घे,” तो म्हणाला आणि ताटली पुढे केली.

“विषय बदलू नकोस!” मी खाता खाता म्हणाले. “मी शिकलेली बाई आहे. नात्याचा अभ्यास केलाय मी! आणि तो लंगोट डोळ्यांवर...” मी उशी आपटत होते. ती त्याने ओढून घेतली नाही, हातात चहाचा कप दिला. कप घ्यायचा तर उशी सोडावीच लागते. मग तो पाठीवरून हात फिरवायला लागला. कारण काही विचारलं नाही.

“आणि वर म्हणतात, वकिलांना विकू! वकिलांना!” माझा आवाज परत चढला.

“अगं, तो बघ,” नवरा वर बोट दाखवत हळूच म्हणाला, “पंखा!”

मी वर बघितलं.

आणि तशीच गर्रकन त्याच्याकडे वळले. ही चिठ्ठी माझी! ‘कशानेच थांबला नाही तर पंखा दाखवावा.’ खोक्यातली अगदी तळाची!

“तू... तू माझ्यावर बाळाच्या चिठ्ठ्या वापरतोस? कधीपासून?”

“पहिल्या महिन्याच्या खोक्यापासून,” तो म्हणाला. “पोरावर कितपत चालतात, काकूंना विचारायला हवं.”

संताप! नुसता संताप झाला माझा. खोकाभर शब्द तोंडाशी आले होते. ते त्याला ऐकवणारच होते मी, अगदी एकूण एक.

पण पंखा खरंच छान फिरत होता हो.