थांबा, लाइन मोकळी नाही

तुम्ही बोलायला तोंड उघडता, तेव्हा समोरचा ऐकायला मोकळा आहे का, हे आधी विचारता? नाही ना? मग आमच्या मालवणात अप्पा परबांशी तुमचं एक वाक्यही पुरं होणार नाही.

अप्पा माझे शेजारी. तार ऑफिसात तारमास्तर. तारेची रीत अशी, की आधी पलीकडच्या ऑफिसला हाक मारायची. तिथला मास्तर 'तयार' म्हणाला की मजकूर पाठवायचा. त्याच्या हातात दुसरं काम असलं तर तो 'थांब' म्हणतो. मग निमूट थांबायचं. आणि 'पावलं', म्हणजे मजकूर पोचला, असं त्याने कळवलं नाही, तोवर पुढची तार सोडायची नाही. ही रीत ऑफिसात ठेवून घरी यावं, एवढं अप्पांना कधी जमलं नाही.

सकाळी मासे विकणारी आनंदी दारात येते. "मास्तरानू, बांगडे आसत! ताजे!"

अप्पा दाढी करत असतात. एक बोट वर. "थांब गो. लाइन मोकळी नाय."

"तुमची लाइन मोकळी होयसर माजे बांगडे कुसतले!"

अप्पा सावकाश तोंड पुसतात, चष्मा लावतात. "हां, आता बोल." तिने भाव सांगितला की म्हणतात, "पावलां." घासाघीस त्यानंतर.

देवळातल्या गाऱ्हाण्यातही तेच. गावकर देवाला एकेक मागणं सांगतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. यंदा गावकराला घाई होती. लोकांचा "व्हय" पुरा व्हायच्या आत तो पुढचं मागणं सांगू लागला. अप्पा गर्दीतून ओरडले, "रे थांब! मागचां पावलां नाय, तर फुडचां कशाक धाडतंस?"

देऊळभर हशा. गावकर तडकला, "अप्पा, देवाक तरी तुझी लाइन लावू नको रे!"

मीही पोट धरून हसलो.

अप्पांची बायको, सुमतीकाकू, लकव्यानंतर अंथरुणावर आहेत. वाचा गेली. उजव्या हाताची बोटं तेवढी हलतात. गेल्या रविवारी त्यांचा भाऊ बांद्याहून त्यांना न्यायला आला. अप्पा दिवसभर ऑफिसात, मग हिच्याकडे कोण बघणार, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. निवाड्याला आम्हा शेजाऱ्यांना बोलावलं. खाटेभोवती बसून आम्ही चहा प्यालो आणि मतं दिली. मी तर मुक्या जनतेच्या हक्कांवर पत्रकं काढणारा. मीच सर्वांत जास्त बोललो. न्यावं, असंच माझंही मत पडलं.

"हिका आता काय कळता?" भाऊ म्हणाला. "लाकूड झालां. मी उद्याच व्हरतंय हिका."

अप्पांनी बोट वर केलं. मग खाटेवर वाकले. "गो, मोकळी आसस?"

काकूंचं बोट खाटेच्या कडेवर एकदा वाजलं. एकदा म्हणजे होय, दोनदा म्हणजे नाही, हे त्या दोघांचं ठरलेलं.

"बांद्याक जातलंस?"

टक.

"बघा! व्हय म्हणता!" भाऊ उठलाच.

"बस खाली!" अप्पा गरजले. "तिचां पुरां झालां नाय."

भाऊ परत टेकला. बोट पुन्हा उचलायला काकूंना किती कष्ट पडत होते, ते सगळ्यांना दिसत होतं. कपाळावर घाम आला होता. बऱ्याच वेळाने दुसरी टक आली.

"पावलां," अप्पा हळूच म्हणाले आणि त्यांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

भावाने मान खाली घातली. हातातली रिकामी कपबशी खाली ठेवायचीही मला लाज वाटली; तेवढा आवाजही नको झाला. खोलीभर माणसं एका बाईच्या आयुष्याचा निकाल लावत होती, ती तिथेच डोळे उघडे ठेवून पडली होती, आणि तिला विचारावं असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

काकू इथेच आहेत. अप्पा सकाळी ऑफिसात गेले की दिवसभर एकट्या असतात. तुम्ही मालवणातले असाल तर दुपारी घटकाभर त्यांच्याजवळ जाऊन बसा. फक्त बसण्याआधी, "काकू, बसू का?" असं त्यांनाच विचारा, आणि त्यांचं उत्तर पुरं होऊ द्या.