शिवाप्पांचं रोक्काबेला

सास्तुरात शिवाप्पांच्या किराणा दुकानात साखर मागितली की साखर मिळते, पण आधी इटलीतल्या एका डोंगरावरच्या गावाची वेस ओलांडावी लागते.

"देतो सर, थांबा. तर त्या वेशीवर दोन दगडी सिंव्ह हायेत. एकाचं नाक पडलंय. तिथनं सरळ वर चढलं की चौक, चौकात बारव. बारवंच्या उजव्या अंगाला त्यांचं मोठं देऊळ."

"आप्पा, साखर."

"घाई काय हाय? देवळाच्या घंटेचा मनोरा एकदा पडला व्हता. मंग परत बांधला."

गावाचं नाव रोक्काबेला. आप्पांची धाकटी लेक शिल्पा इटलीला शिकायला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून त्याच्या गावी राहिली. ही बातमी फोनवर आली तेव्हा आम्ही शेजारी श्वास रोखून बसलो होतो. आता आप्पा फोन आपटणार! आप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "गावाला पाणी कुठलं?"

आमच्याकडं लेक द्यायच्या आधी घरची चार माणसं जाऊन मुलाचं गाव बघून येतात. पाणी, रस्ता, घर, शेजार. आप्पांचं ते राहून गेलं होतं. सोलापूरच्या पुढं कधी न गेलेला हा माणूस मग फोनवरच गाव बघायला लागला. शिल्पानं फोन हातात धरून गल्लीबोळांतून हिंडायचं आणि आप्पांनी दुकानात बसून सूचना करायच्या. "ते गाव माझ्या पायाखालचं हाय," असं ते छाती पुढं काढून सांगत.

एकदा तुळजापूरचे पाहुणे देवीच्या छबिन्याचं वर्णन करत होते. आप्पा मध्येच म्हणाले, "आमच्या रोक्काबेलात बी देव खांद्यावर निघतो. पण चढ लई. मानकऱ्यांचा दम निघतो." त्या गावच्या पायऱ्यांना कठडा नाही हे कळल्यावर त्यांनी शिल्पाला बजावलं, "तिथल्या सरपंचाला सांग, म्हातारी मानसं पडतील." पुढं कितीतरी दिवस ते कठड्याची चौकशी करत होते.

मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळं मला ही भानगड जरा जास्तच ऐकावी लागे. आप्पांच्या इतिहासात राजे नव्हते, लढाया नव्हत्या. काय पडलं, कसं पडलं आणि परत कुणी बांधलं, एवढंच. एकदा मी चेष्टा केली, "आप्पा, तुमच्या त्या गावात धड उभं काही आहे का?"

आप्पा हसले नाहीत.

यंदा उन्हाळ्यात मी साखर मागितली आणि मुकाट्यानं साखर मिळाली. ना वेस, ना सिंह. मला काळजीच वाटली. दोनदा खोदून विचारलं तेव्हा बोलले. शिल्पा आणि तिचा नवरा भाड्याचं नवं घर सोडून चौकामागच्या जुन्या दगडी घरात राहायला गेले होते.

"भिंत बघितली म्या फोनमदी. ही एवढी जाड!" आप्पांनी दोन्ही हात पसरून दाखवलं.

"मग चांगलंच की. घर गार राहील."

"आसंच म्या म्हणलो व्हतो, काशीच्या टायमाला."

काशी त्यांची बहीण, शेजारच्या गावात दिलेली. "स्थळ बघाया म्याच गेलतो, सर. पाणी चांगलं, मानसं चांगली. आन् भिंती बघून तर तिथंच हो म्हणलो. भूकंपात त्याच भिंती आल्या की तिच्या अंगावर." ते तराजूचं पारडं उगाच पुसत राहिले. "शिल्पाचं गाव बी हलणाऱ्या जमिनीवर हाय. दर खेपेला कायतरी पडलंय तिथं."

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या या गावात मी बदलून आलो. इथले रुंद रस्ते आणि सारखी घरं रोज बघत होतो. तरी आप्पांचा इतिहास मला कळला नव्हता.

रविवारी दुपारी मी दुकानात होतो. फोनवर शिल्पा होती.

"आता बत्ती गेली आसं समज," आप्पा म्हणाले. "डोळं मिट. चपला शोधू नगंस. भाईर निघ."

"आप्पा, लोक बघतायत."

"बघू देत. डाव्या हातानं भिंतीला धर. आता भिंत संपली का? पायऱ्या लागतील. हळू."

फोनमध्ये दगडी भिंत हलत होती, मध्येच शिल्पाची बोटं दिसत होती. आप्पा घामाघूम झाले होते. मग एकदम उजेड झाला. गावाखालचं चेंडू खेळायचं मैदान होतं ते. मोकळं, हिरवं, जवळपास एकही भिंत नाही.

"पोचले, आप्पा. झालं समाधान?"

आप्पांनी फोन दोन्ही हातांत धरला. "उभी ऱ्हा जरा तिथं. बघू दे."

ती वाऱ्यात उभी राहिली. आप्पा बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या ही वाट मार्कोला दाव. झोपंचा जड हाय म्हणं त्यो. तसं काय झालं तर आधी त्याला उठीव. एकटी पळू नगंस."

जावयाचं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं. पलीकडं शिल्पा मान डोलावत तिथंच गवतावर बसली.