आवडलं तितकं कुरूप

इंग्रजी शिकायचं मी ठरवलं ते तापाच्या औषधाच्या बाटलीमुळे. माझी विदोसावा सात महिन्यांची, आणि बाटलीवरचं सगळं लिखाण इंग्रजीत. (औषधवाल्यानं किती द्यायचं ते दोनदा तोंडी सांगितलं होतं. पण सांगताना तो शिंकत होता, आणि शिंकणाऱ्या माणसाच्या थेंबांच्या हिशेबावर माझा विश्वास नाही.) माझी शाळा सातवीत सुटली. नवरा, रातोमिर, तिकडे ऑस्ट्रियात ट्रक चालवतो. घरात मी, पोर आणि सासूबाई.

"बाटली वाचायला वर्ग कशाला लावायचा?" सासूबाई म्हणाल्या. "मी चार पोरं वाढवली, एक बाटली वाचली नाही."

"त्या चारातला एक माझ्या वाट्याला आलाय ना आई, म्हणून तर वाचायचं म्हणते."

दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. त्यामुळे पहिल्या वर्गाला पोरीला सांभाळायला कोणी नव्हतं, तिला घेऊनच वाचनालयात गेले.

शिकवणारी ओर्ला आयर्लंडहून वर्षभरासाठी आमच्या गावच्या शाळेत आलेली. विदोसावाला बघून ती हात पसरून धावत आली. "ब्युटिफुल! सो ब्युटिफुल!"

तेवढं इंग्रजी सगळ्यांना येत होतं. अकरा बायकांनी एकदम श्वास आत घेतला. शेजारच्या ल्युबिंकानं छातीवर क्रूसाची खूण केली. आणि मी, आईच्या जातीनं, पटकन पोरीच्या बाजूला तोंड करून तीनदा थू थू थू केलं. मध्ये ओर्ला उभी होती.

बिचारी रडायलाच लागली. मग तिला घरी आणली, चमचाभर गुलाबाचा मुरांबा आणि पाण्याचा पेला समोर ठेवला आणि सावकाश सांगितलं, "बाळाला सुंदर म्हणायचं नसतं गं, दृष्ट लागते. कुरूप म्हणायचं, आणि थू थू."

ओर्लाला आमची भाषा मोडकीतोडकी येत होती. तिनं बराच वेळ विचार केला. "म्हणजे आवडला, तर कुरूप?"

"जितकं आवडलं तितकं कुरूप."

ती पाळण्यावर वाकली. "तू फार फार कुरूप आहे. थू थू थू!" विदोसावा खुदकन हसली, ओर्ला हसली, मीही हसले. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी कोणाच्या तरी बरोबर हसले, ते त्या दिवशी पहिल्यांदा. एरवी माझ्यावरच हसतात.

त्यानंतर ओर्ला बाजारात प्रत्येक बाबागाडीत डोकावून "अगं बाई, काय कुरूप!" म्हणत फिरायची. म्हाताऱ्या खूश होऊन तिच्या पिशवीत चीज नि मिरच्या कोंबायच्या. मला म्हणायची, असा आनंद मला माझ्या गावात कधी मिळाला नाही. दर रविवारी आमच्याकडे जेवायला. एकदा म्हणाली, "देसांका, तू माझा मैत्रीण." मी ते चुकीचंच राहू दिलं. दुरुस्त केलं तर परत म्हणणार नाही अशी भीती वाटली.

मे महिन्यात मुख्याध्यापकांनी तिला आणखी एक वर्ष राहायला सांगितलं. तिचं हो-नाही चाललं होतं. थोरली बहीण ब्रोना तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन गाव बघायला येणार होती. "ब्रोनाला आवडला, तर मी राहतो," ओर्ला म्हणाली.

म्हणजे सगळं ब्रोनावर आलं. मी ठरवलं की तिच्याशी इंग्रजीत बोलायचं. पंधरा दिवस कोबी चिरताना वाक्यं घोकली. (सासूबाईंना वाटलं मी त्यांना शिव्या देतेय. काही वेळा तेही होतं.)

ब्रोना आली. मुरांबा झाला, कॉफी झाली. ओर्ला सासूबाईंबरोबर अंगणात कोंबड्या बघायला गेली. आणि ब्रोनाच्या मांडीवर ते बाळ! लोण्याचा गोळा. मनगटात दृष्टीचा लाल दोरा नाही, काही नाही. कोणाची नजर लागली तर? आणि आमच्या घरी लागली तर?

"युअर बेबी," मी म्हणाले, "व्हेरी अग्ली."

ब्रोनानं, काय म्हणालीस, असं विचारलं. मला वाटलं, माझे उच्चार कच्चे. मग जोरात म्हणाले, "व्हेरी, व्हेरी अग्ली! मोअर अग्ली माय बेबी!" (म्हणजे माझ्या पोरीपेक्षा जास्त. पाहुण्यांचा मान मोठा.) आणि तीनदा थुंकले. थुंकी कोरडी असायला हवी, पण इंग्रजी बोलल्यानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

ओर्ला धावत आली. प्रकार कळल्यावर दाराची चौकट धरून हसली आणि बहिणीला सगळं समजावून सांगितलं. ब्रोना बाळाचं कपाळ पुसत ऐकत राहिली. तिला हसू आलं नाही. पुढचे चार दिवस ती हॉटेलात राहिली, आमच्याकडे पुन्हा आली नाही. आमच्या दारावरून जायची तेव्हा बाळाच्या तोंडावर फडकं असायचं.

पुढच्या आठवड्यात ओर्लानं मुख्याध्यापकांना नाही म्हणून कळवलं. मला म्हणाली, "आई घरी एकटा आहे." (तिच्या आईबरोबर तीन मावश्या राहतात. फोटो मला तिनंच दाखवला होता.)

जूनच्या शेवटी तिनं वर्गात प्रमाणपत्रं वाटली, सगळ्यांना मिठी मारली आणि दुपारच्या बसनं गेली. ल्युबिंकाच्या कागदावर लिहिलं होतं 'उत्तम'. बाकीच्यांच्या, 'छान प्रगती'. माझं मी घरी येऊन, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. 'आजवरची माझी सगळ्यात वाईट विद्यार्थिनी.'

परीक्षेत मला शंभरात चौदा होते, हे खरं. मी पाळण्याशेजारी बसून तासभर रडले. मग दिसलं, सहीखाली तीन गोल डाग आहेत. तीन. एकमेकांना लागून. थू थू थू! मी उठले, डोळे पुसले आणि कागद चौकटीत घालून भिंतीवर लावला.

तेव्हापासून ल्युबिंका 'उत्तम'चा तोरा मिरवायला आली, की मी तिला ते डाग दाखवते. "तुझ्या कागदावर आहेत का?" ती आपला कागद घडी करून पिशवीत टाकते.

परवा मी दाखवत असताना सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती त्या बाईची थुंकी नव्हे. पोरीला दात येत होते. तू रडत बसलीस तेव्हा कागद तिच्या तोंडात होता, मीच काढला."

कागद मी भिंतीवरच ठेवलाय. औषधाची बाटली मात्र अजून वाचता येत नाही. तिच्यावर 'अग्ली' हा शब्दच नाही.